फॉस्फो-एकेटी ४०६०: अँटिबॉडी चोख आहे, गडबड आधीच झालेली असते

इन्सुलिन मेंदूत पोचलं आणि तिथे त्याने काम केलं, हे उंदराच्या हायपोथॅलॅमसमध्ये (मेंदूतलं भूक सांभाळणारं केंद्र) दाखवायचं तर शोधनिबंधाचे परीक्षक हमखास एकच ब्लॉट (पडद्यावर उतरवलेल्या प्रथिनांतलं हवं ते अँटिबॉडीने दाखवणारी चाचणी) मागतात: सेरीन ४७३ या जागी फॉस्फेट लागलेला एकेटी (पेशीत संदेश पुढे नेणारं प्रथिन). इन्सुलिनचा संदेश पेशीत या प्रथिनांतून उतरतो: रिसेप्टर, आयआरएस-२, पीआय-३ कायनेज, मग एकेटी. त्याने जनुकं चालू-बंद करणारा फॉक्सओ-१ केंद्रकाबाहेर जातो. भूक वाढवणारं एजीआरपी घटतं, भूक आवरणारं पीओएमसी वाढतं. चेतापेशींमधला इन्सुलिन रिसेप्टर काढलेल्या उंदरांवरचं काम २००० साली आलं. त्यातल्या माद्या जास्त खात होत्या आणि चरबीयुक्त खाद्यावर नर-माद्या दोघेही लठ्ठ होत होते. तेव्हापासून ब्लॉटवरचा हा बँड (पट्टा) दाखवल्याशिवाय सुटका नाही.

त्यासाठी सेल सिग्नलिंग टेक्नॉलॉजीची ४०६० क्रमांकाची अँटिबॉडी (क्लोन डी-९-ई, सशाची मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीवंशातून आलेली) घ्यावी. ६० किलोडाल्टनला एकच स्वच्छ बँड येतो, आजूबाजूला कचरा जवळपास नसतो. १:२००० पातळ करून, ५% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलेल्या टीबीएसटी बफरमध्ये, ४ अंशांवर रात्रभर. १० मिलिलिटर द्रावणाला ५ मायक्रोलिटर लागते, म्हणजे २० मायक्रोलिटरच्या चाचणी कुपीत चार ब्लॉट. महाग आहे, पण ताजा क्लोन शोधत बसण्यापेक्षा स्वस्तच. निम्मं ग्लिसरॉल असल्याने ती उणे २० ला गोठत नाही. छोटे भाग करू नयेत आणि उणे ८० ला तर अजिबात टाकू नये. ब्लॉकिंगला (पडद्याच्या मोकळ्या जागा आधी झाकायला) दूध वापरायची सवय असेल तर इथे सोडा. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, पार्श्वभूमी काळी होऊ शकते.

आता खरी गोष्ट. ‘अँटिबॉडी चालत नाही’ ही तक्रार येते तेव्हा दोष बहुधा कुपी उघडण्याआधीच झालेला असतो. मान मोडल्यापासून हायपोथॅलॅमस द्रव नायट्रोजनमध्ये पडेपर्यंत एक-दोन मिनिटंच हातात असतात; पाच मिनिटं शांतपणे कापत बसलात तर फॉस्फेट निघून गेलेलं असतं. टिश्यू वाटायच्या बफरमध्ये फॉस्फेट टिकवायला नुसतं व्हॅनॅडेट घालणारे बरेच आहेत. ते टायरोसीन फॉस्फेटेजला (टायरोसीनवरचं फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला) अडवतं, आपला बँड सेरीनचा आहे. त्यासाठी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हवेतच. व्हॅनॅडेटही पीएच १० ला आणून, पिवळेपणा जाईपर्यंत उकळून, परत पीएच बघून वापरायचं. बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर ते निकामी होतं. भूल झायलाझिनची दिली असेल तर ते स्वतःच इन्सुलिनचा स्राव दाबतं आणि साखर चढवतं, मग तुलना कशाशी करणार?

डोसातही एक आपल्याकडचा खड्डा आहे. भारतात रेग्युलर इन्सुलिन ४० आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही ताकदींत मिळतं. परदेशी प्रोटोकॉल १०० धरून लिहिलेला असतो, त्यामुळे लेबल न वाचता पातळ केलं की डोस अडीचपट चुकतो. पोटात ५ युनिट प्रति किलो द्यायचे तर ०.५ युनिट प्रति मिलिलिटरचं द्रावण करून ग्रॅममागे १० मायक्रोलिटर टोचा. सलाइनमध्ये ०.१% बीएसए घाला, नाहीतर इन्सुलिन प्लॅस्टिकलाच चिकटून बसतं. उंदीर उपाशी हवा. पोटभर खाल्लेल्याचा बँड सलाइन गटातही वर असतो. इंजेक्शननंतर १० ते १५ मिनिटांत टिश्यू काढून संपवा. जास्त थांबलात तर घसरलेल्या साखरेचा प्रतिसाद मोजत बसाल. साखरेचा गोंधळ टाळायचा तर मेंदूच्या पोकळीतच कॅन्युला (बारीक नळी) घालून इन्सुलिन द्यावं, पण ती शस्त्रक्रिया वेगळं कौशल्य मागते.

त्याच उंदराचं यकृत शेजारच्या लेनमध्ये चालवा. यकृतातही बँड नसेल तर आधी इंजेक्शन तपासा. यकृतात आहे आणि हायपोथॅलॅमसमध्ये नाही, तर एकतर टिश्यू काढायला उशीर झाला किंवा प्रतिसादच मंदावला आहे. चरबीयुक्त खाद्यावरच्या उंदरांत नेमकं हेच शोधायचं असतं, म्हणून ही लेन टाळून चालत नाही. एकूण एकेटीसाठी (फॉस्फेट असलेला-नसलेला सगळा) ब्लॉट स्ट्रिप करू नये, म्हणजे आधीची अँटिबॉडी धुऊन काढू नये. त्याच कंपनीची उंदरात बनवलेली २९२० अँटिबॉडी घेऊन दोन रंगांत एकाच पडद्यावर वाचावं.

मर्यादा दोन. लेप्टिन, आयजीएफ-१, बीडीएनएफ हे इतर संदेशवाहक सगळेच हा बँड वर नेतात, त्यामुळे तो इन्सुलिनचा खास शिक्का नव्हे. सलाइन गट आणि रिसेप्टर अडवलेला गट नसेल तर निष्कर्ष आखडता घ्या. दुसरं, वाटलेल्या टिश्यूत कोणत्या चेतापेशीत काय झालं ते कळत नाही. स्लाइडवर पीओएमसीसोबत बघायला जावं तर त्याच्या प्रचलित अँटिबॉडीही सशाच्याच, म्हणजे दोन्हींचे रंग वेगळे करणं अवघड. तिथे पीओएमसी-जीएफपी उंदीर (ज्यांच्या पीओएमसी पेशी जीएफपी या प्रथिनाने हिरव्या चमकतात) आणि कोंबडीची जीएफपी अँटिबॉडी हाच सोपा मार्ग. फिक्स करण्याच्या आणि धुण्याच्या द्रावणांतही फ्लोराइड ठेवा. तरी सिग्नल ब्लॉटइतका ठसठशीत येणार नाही, हे धरूनच चाला.