भावाने सोडलेल्या व्हेपमधले १८६५० सेल: आठ महिने वापरल्यावर

आधी एक गोंधळ मिटवते. आपण मराठीत टॉर्चलाही बॅटरी म्हणतो आणि सेललाही बॅटरीच, त्यामुळे या पोस्टमध्ये टॉर्च म्हणजे टॉर्च आणि सेल म्हणजे सेल, नाहीतर पुढे काहीच कळणार नाही.

तर झालं असं की धाकट्या भावाने व्हेपिंग, म्हणजे ई-सिगारेट ओढणं, सोडलं (एकदाचं) आणि सगळं सामान एका डब्यात भरून माझ्याकडे आणून दिलं. दोन सेलवाला मॉड (व्हेपचा सेल आणि बटण असलेला भाग), चार सुटे १८६५० सेल, दोन खाचांचा चार्जर. "ताई, मॉड फेकून दे पण सेल ठेव, तुझ्या टॉर्चला लागतील." मी तेव्हाच एका सेलवर चालणारा जरा दणकट टॉर्च घेतला होता, म्हटलं बरंच झालं. मॉड तसाही मला नकोच होता. सेल मात्र ठेवले आणि गेले आठ महिने तेच वापरतेय, म्हणून हा अनुभव टॉर्चपेक्षा सेलचाच जास्त आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १८६५० हे नाव नसून माप आहे, १८ मिमी जाडी आणि ६५ मिमी लांबी, शेवटचा शून्य म्हणजे गोल आकार. लिथियम आयन, फुल चार्ज ४.२ व्होल्ट. रिमोटमधल्या सेलसारखा दिसतो जरा जाडजूड, आणि घोळ तिथेच होतो, कारण आपण त्याला रिमोटच्या सेलसारखंच वागवतो. ड्रॉवरमध्ये टाक, पर्समध्ये टाक.

चारपैकी दोन सेल गुलाबी रॅपचे सॅमसंग ३०क्यू, ३००० एमएएच (म्हणजे सेलमध्ये किती साठतं त्याचं माप). उरलेल्या दोघांवर मोठ्या अक्षरात ९९०० एमएएच. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, अशी नावं दर महिन्याला बदलतात. मी अर्थातच पहिल्यांदा ९९०० वाले लावले, तिप्पट आकडा आहे ना! टॉर्च टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडावर, टाकला, झगझगीत उजेड, दहा-बारा सेकंदांत पिवळट आणि मग बंद. मला वाटलं टॉर्चच खराब निघाला, परत करायच्या तयारीत होते. मग ३०क्यू टाकून बघितला तर मस्त चालतोय.

चार्जरमध्ये कपॅसिटी मोजायची सोय होती, म्हणजे तो सेल फुल भरतो, मग पूर्ण रिकामा करतो, परत भरतो आणि किती निघाले ते दाखवतो. एक अख्खी संध्याकाळ जाते त्यात. ९९०० वाला निघाला ११४० एमएएचचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं तर ३३ ग्रॅम, आणि ३०क्यू ४६ ग्रॅम. नंतर कळलं की या आकाराच्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास गेलं तरी खूप झालं, त्यामुळे ५०००, ६८००, ९९०० असलं काही लिहिलेलं दिसलं की पुढचं वाचायचीही गरज नाही. वजन ही सगळ्यात सोपी परीक्षा, चांगला १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो.

पण एमएएच कमी असेल तर टॉर्च लवकर संपेल, दहा सेकंदांत बंद का पडेल? हे मला कळत नव्हतं आणि भावाने फोनवर समजावलं, त्याला या बाबतीत भलतंच ज्ञान आहे. प्रत्येक सेलला आतून स्वतःचा थोडा रोध असतो. माझा टॉर्च टर्बोवर साधारण ७ अँपिअर ओढतो. चार्जरवर ३०क्यूचा आतला रोध ४५ मिलीओहम दिसतो, त्यामुळे ७ अँपिअरला व्होल्टेज ०.३ ने खाली जातं, ते चालतं. ९९०० वाल्याचा रोध २०० च्या घरात, म्हणजे ७ गुणिले ०.२ बरोबर १.४ व्होल्ट गेले, ४.२ चा सेल टॉर्चला २.८ चा दिसतो आणि टॉर्च म्हणतो संपला. लोड काढला की मीटरवर परत ४.१ दाखवणार, म्हणजे नुसता मीटर लावून सेल चांगला की वाईट काही कळत नाही. आणि हे गेलेले व्होल्ट जातात कुठे तर उष्णतेत, सेलच्या पोटात. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे चांगल्या सेलमध्ये २ वॅटच्या आसपास आणि त्या भिकार सेलमध्ये जवळजवळ १० वॅट, बोटाएवढ्या बंद डब्यात. (चार्जर दाखवतो ते मिलीओहम फार मनावर घेऊ नका, सेल जरा फिरवून बसवला की आकडा बदलतो. पण ४५ आणि २०० मधला फरक खोटा नसतो.)

आता हाच सेल त्याने मॉडमध्ये लावला असता तर? टॉर्चचं ७ अँपिअर हे व्हेपवाल्यांच्या मानाने काहीच नाही. त्याचा मॉड तो ८० वॅटवर चालवायचा. दोन सेल, म्हणजे प्रत्येकी ४० वॅट, सेल उतरत आल्यावर ३.२ व्होल्ट धरले आणि सर्किटमध्ये दहा टक्के वाया गेले असं धरलं तर प्रत्येक सेलमधून जवळजवळ १४ अँपिअर. ३०क्यूची सलग मर्यादा १५. म्हणजे काठावर पास. तेच ८० वॅट एका सेलच्या मॉडमधून काढायला गेलात तर २८ अँपिअर, तिथे ३०क्यू नापास.

गंमत म्हणजे हे उलटं चालतं. आपल्याला वाटतं सेल फुल असताना जास्त करंट जात असेल, पण सर्किटवाल्या मॉडला वॅट तेवढेच हवे असतात, म्हणून व्होल्टेज उतरलं की तो करंट वाढवून घेतो. फुल सेलवर तेच ८० वॅट २१ अँपिअरमध्ये निघतात आणि शेवटी २८ लागतात. म्हणून गणित कायम उतरलेल्या सेलचं करायचं. आणि कॉइल (व्हेपमधली तापणारी तार) किती ओहमची आहे याने अशा मॉडमध्ये सेलला काही फरक पडत नाही, मधे सर्किट आहे. ज्यात सर्किटच नसतं, नुसती नळी आणि बटण, त्या मेकॅनिकलमध्ये मात्र ओहमच सगळं ठरवतात. ०.५ ओहमला ४.२ व्होल्टवर ८.४ अँपिअर, ०.२ ला २१, ०.१ ला ४२. नळीत ना फ्यूज, ना कट ऑफ, बटण अडकलं तर अडकलं. भावाने एकदा तसला घ्यायचा म्हटलं होतं, नशीब घेतला नाही.

त्यामुळे सेल घेताना पहिला आकडा बघायचा तो अँपिअरचा, एमएएच नंतर. दोन्ही एकाच सेलमध्ये भरपूर मिळत नाहीत. सॅमसंग २५आर २५०० एमएएच आणि २० अँपिअर, ३०क्यू ३००० पण १५ अँपिअर, मोलिसेल पी२६ए २६०० आणि ३५ अँपिअर. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी ३४०० पर्यंत जातो पण अँपिअर एक आकडी, साध्या टॉर्चला उत्तम, मॉडमध्ये घालायचा नाही. आणि रॅपवर "४० ए" वगैरे लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा काही सेकंदांच्या झटक्याचं असतं, सलगचा आकडा उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये बघावा.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून झालेली गाढवपणाची.

मी एक जादा ३०क्यू पर्समध्ये सुटा ठेवायचे. डबी वगैरे काही नाही, आतल्या चेनच्या कप्प्यात, जिथे केसांचे आकडे, सुट्टी नाणी, एक जुनी किल्ली असा सगळा संसार असतो. एक दिवस आकडा काढला तर त्याच्या एका टोकाला काळा, वितळल्यासारखा ठिपका. बारीकसा, मोहरीपेक्षा लहान. नखाने खरवडला तर खाली खड्डा लागला. मला वाटलं गंजलाय. मग सेल हातात घेतला तर त्याच्या प्लसच्या बाजूला, अगदी कडेला, रॅप नखाएवढा फाटलेला आणि तिथेही तसाच ठिपका.

इथे सेलची रचना समजली पाहिजे, मला तोवर माहीतच नव्हती. आपल्याला वाटतं खालचा पत्रा मायनस आणि वरचा प्लस. प्रत्यक्षात अख्खा डबा मायनस असतो, खालपासून वर, प्लसच्या टोपीच्या खांद्यापर्यंत. प्लस फक्त मधली छोटी टोपी. तिच्यात आणि खांद्यात मिलिमीटरभर अंतर, वर एक पातळ गोल चकती आणि त्या सगळ्यावर तो रंगीत प्लॅस्टिकचा रॅप. मी त्याला शोभेचा समजत होते, आणि बाहेरच्या धातूपासून वाचवणारं तेवढंच होतं! रॅप कडेला फाटला, चकती सरकली, आणि काळा रंग उडालेला आकडा टोपी आणि खांदा दोघांना एकदम टेकला. क्षणभरच टेकला असणार, ठिणगी पडून आकडा निसटला असणार. तो तिथे अडकून बसला असता तर पर्सचं काय झालं असतं याचा मी त्या रात्री बराच विचार केला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे प्रकार किती होतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने जुलै २०१७ मध्ये एक अहवाल काढला होता, २००९ ते २०१६ या काळात बातम्यांत आलेल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांचा. एकूण १९५ घटना, १३३ जखमा, त्यातल्या ३८ गंभीर. आणि ६१ वेळा व्हेप किंवा त्याचा जादा सेल खिशात होता. म्हणजे कोणी ओढत नव्हतं, चार्जिंगला लावला नव्हता, नुसता खिशात होता.

मग त्या सेलला नवा रॅप चढवला. श्रिंक होणारी पातळ प्लॅस्टिकची नळी मिळते, चपटी धरली तर साधारण ३० मिमी रुंद. जुना रॅप सोलताना ब्लेड प्लसच्या बाजूने अजिबात लावू नका, मायनसकडून सुरुवात करा. नवी चकती बसवायची, नळी चढवायची, हेअर ड्रायर फिरवायचा, आणि दुसऱ्या खेपेला जमतं (पहिल्यांदा माझी वाकडी झाली). सेलच्या टोपीला खड्डा किंवा पत्र्याला पोचा असेल तर रॅप बदलत बसू नका, ई-कचऱ्यात द्या. आता सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीत, आणि डबी बरोबर असतेच. विमानातही सुटे सेल केबिन बॅगेतच न्यावे लागतात, टोकं झाकून.

दुसरा सेल मी वेगळ्याच पद्धतीने घालवला. टॉर्चचं बटण इलेक्ट्रॉनिक आहे, बंद असतानाही किंचित करंट खात राहतो. अडीच महिने तो कपाटात पडून, आत आधीच उतरलेला सेल. काढला तर १.४ व्होल्ट. चार्जरने मुकाट्याने भरायला घेतला, मी लगेच काढला. २ व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळायला लागतं आणि परत भरताना ते भलतीकडे जाऊन बसतं, आतल्या आत शॉर्ट व्हायची सोय. चांगला सेल फुकट गेला, जीवावर आलं होतं टाकताना. टॉर्चवाल्यांनी माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ लिहिली नाही, ही माझी त्यांच्यावरची सगळ्यात मोठी तक्रार. बाकी उजेड, पाणी वगैरे ठीक, टर्बोवर दोन मिनिटांत डोकं तापतं पण ते सगळ्यांचंच तापतं.

चार्जरबद्दल थोडक्यात. अर्धा अँपिअरवर लावते, घाई नसते. झोपताना लावत नाही, गादीवर ठेवत नाही. फुल झाला की काढते. महिनाभर वापरायचा नसेल तर ३.७ व्होल्टच्या आसपास ठेवते, फुल भरून ठेवला की लवकर म्हातारा होतो.

त्या गेलेल्या सेलच्या जागी दोन पी२६ए घेतले. दोन सेलच्या उपकरणात मात्र असं एक जुना एक नवा लावू नका. तिथे जोडी एकत्र घ्यायची, एकत्र वापरायची, एकत्रच भरायची. सिरीजमध्ये कमजोर असेल तो आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला ओढत खाली नेतो. भावाने जोड्यांवर मार्करने अ१, अ२ लिहिलेलं आहे, तेव्हा मी हसले होते.

आणि हेही सांगायला हवं की अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय, सुटे १८६५० सेल ग्राहकांनी घेऊच नका, वापरूच नका. ते पॅकमध्ये सर्किटसह जोडण्यासाठी बनवलेले असतात. मी तरीही वापरतेय, कारण टॉर्चला दुसरा पर्याय नाही आणि ७ अँपिअर ओढणं या सेलला जड नाही. घरात लहान मुलं असतील किंवा वस्तू कुठेही टाकायची सवय असेल तर यूएसबीवर चार्ज होणारा, सेल आत बंद असलेला टॉर्च घ्या, खरंच. सर्किट लावलेले प्रोटेक्टेड सेलही मिळतात, पण ते दोन-चार मिमी लांब असतात, माझ्या टॉर्चचं झाकण त्यावर बसतच नाही.

आठ महिन्यांनी उरलेला ३०क्यू (रॅप बदललेला तोच) २७८० एमएएच देतोय. कपाटात ठेवताना आता टॉर्चचं मागचं झाकण पाव फेरा सैल करते, म्हणजे सर्किट तुटतं आणि करंट खाणं बंद. मॉड अजून डब्यातच आहे, सेलशिवाय. भावाने परवा विचारलं, "फेकलास ना?" म्हटलं, चार्जरची वायर शोधताना तुझ्याच हाताला लागेल म्हणून लपवून ठेवलाय.