पॅनलमध्ये बसवलेला ८ बाय ८ चा इन्फ्रारेड सेन्सर, चार महिने वापरून

अंबडला आमचं छोटं मशिन शॉप आहे. गेल्या उन्हाळ्यात मेन पॅनलमधला वाय फेजचा (आर, वाय, बी या तीन फेजपैकी एक) लग, म्हणजे केबलच्या टोकाचा नटाने आवळलेला जोड, ढिला पडला, केबलचं इन्सुलेशन वितळलं आणि दीड दिवस काम बंद. थर्मल कॅमेरावाला सहा महिन्यांतून एकदा येतो, फोटो काढून जातो, तेवढ्याने भागत नाही हे तेव्हाच कळलं, म्हणून पॅनलमध्ये कायम बसवायला पॅनासॉनिकचा ग्रिड-आय हा इन्फ्रारेड सेन्सर घेतला, मॉडेल एएमजी ८८३३.

नखाएवढी वस्तू आहे, ११.६ बाय ८ मिलिमीटर, आत ६४ ठिपके, प्रत्येक आपल्यासमोरच्या भागाचं तापमान न शिवता मोजतो. मला सगळ्यात आवडलं ते हे की हिशोब आतच होतो, सेन्सरच्या रजिस्टरमधला (मेमरीच्या कप्प्यातला) आकडा वाचायचा, ०.२५ ने गुणायचा, झाली डिग्री. मेलेक्सिस कंपनीचा असाच सेन्सर ९०६४० पण लावून बघितला, त्यात ७६८ ठिपके, चित्र खूपच छान, पण तो कच्चे आकडे देतो आणि कॅलिब्रेशनचं सगळं गणित आपल्या कंट्रोलरला करावं लागतं. ग्रिड-आयमध्ये लिमिट सेन्सरमध्येच भरून ठेवता येते, तापमान वर गेलं की इंटरप्ट पिनवर (इशारा देणाऱ्या पायावर) सिग्नल येतो, ईएसपी ३२ हा छोटा कंट्रोलर हूटर वाजवतो.

बसवताना मात्र डोकं लावा. सेन्सरला दिसतं तो अँगल ६० डिग्रीचा आहे, एक मीटरवरून एक ठिपका साधारण १४ सेंटीमीटरचा होतो, त्यात गरम लग हरवूनच जातो. मी सेन्सर ३० सेंटीमीटरवर आणला तेव्हा ठिपका ४ सेंटीमीटरवर आला. समोर अ‍ॅक्रिलिकची शीट असेल तर सेन्सरला आरपार काही दिसत नाही. आणि चकचकीत तांबं खूप थंड असल्यासारखं दाखवतं, मेन बंद करून लगवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली तर आकडा एकदम ९ डिग्री वर गेला!

८० डिग्रीच्या वर हा मॉडेल नाही चालत, त्यापुढे ८८३४ घ्या, तो १०० पर्यंत जातो. लाइट गेली तर परत आल्यावर पहिले १५ सेकंद आकडे धरू नका. अचूकता अडीच डिग्री कमी-जास्त आहे, त्यामुळे मी नुसत्या तापमानावर जात नाही, आर-वाय-बी तिघांमधला फरक बघतो, आमचा लोड तिन्हीवर सारखा असतो ना.

मागच्या महिन्यात बी फेज बाकी दोघांपेक्षा ११ डिग्री वर दिसला. रविवारी मेन पाडून बघितलं तर नट पाव आटा ढिला. टाईट केला, सोमवारी तिन्ही सारखे.