गल्ला दुकानाचा, पिग्मी मालकाची: कोल्हापुरातल्या रोजच्या ठेव सेवेचं परीक्षण

गुंतवणूक म्हणून पिग्मी, म्हणजे एजंटाकडं रोज थोडी रक्कम भरायची ठेव, सुमार आहे, पण मालकाला शिस्त लावणारी सेवा म्हणून आजही तिच्या तोडीचं दुसरं काही छोट्या दुकानदाराला सहज मिळत नाही. कोल्हापुरात ही सेवा देणाऱ्या नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था पेठोपेठी आहेत. त्यामुळं इथं एका संस्थेचं नाव घेऊन गुण देण्यापेक्षा सेवाच तपासली आहे: रोज दारात येणारा एजंट, त्याच्या हातातलं मशीन, वर्षाची मुदत, व्याज आणि त्यावर मिळणारं कर्ज.

ही कल्पना जुनी आहे. उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटनं, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेनं, 1928 साली दारोदार जाऊन दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. बँकेची पायरी न चढणाऱ्या माणसाची बचत व्हावी हा हेतू होता. आज महाद्वार रोडवरचा चप्पल दुकानदार किंवा उद्यमनगरातला लेथवाला बँकेत जातो, फोनवरून पैसे पाठवतो. त्याची अडचण निराळी आहे: गल्ल्यातला कुठला पैसा दुकानाचा आणि कुठला आपला, हेच त्याला ठाऊक नसतं.

या एका गोष्टीनं धंदेवाल्याचं पैशाशी असलेलं नातं बिघडतं. विक्री चांगली झाली की हात सैल सुटतो, दोन दिवस मंदे गेले की घरात बोलणं बंद होतं. बायकोनं महिन्याचं सामान भरायला पैसे मागितले की गल्ल्यातून नोटा काढून द्यायच्या, आणि आठवड्यानं माल देणारा व्यापारी उधारी मागायला आला की तिच्याकडंच चिडून बघायचं. यात घरच्यांची काहीच चूक नसते. मालकानं स्वतःचा पगार ठरवलेला नसतो, म्हणून घराचा प्रत्येक खर्च त्याला धंद्यावरचा घाला वाटतो.

पिग्मी किती रुपयांची काढायची, याचं उत्तर इथूनच निघतं. बहुतेक जण विक्रीकडं बघून आकडा सांगतात आणि तिथंच फसतात. समजा, लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानाची रोजची विक्री 15,000 रुपये आहे आणि सरासरी नफा 12 टक्के. म्हणजे हातात आले 1,800. भाडं, वीज, कामगाराचा पगार, पिशव्या, हमाली हे सगळं महिन्याचं जोडून तिसानं भागलं आणि 650 आलं, तर उरले 1,150. गल्ल्यात 15,000 दिसत असले तरी मालकाचे एवढेच आहेत. त्यातले 900 घराचे, म्हणजे महिन्याला 27,000. ते आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, बचत खात्यात टाकायचे आणि घर त्या खात्यावर चालवायचं. राहिलेल्या 250 मधून 200 ची पिग्मी झेपते. पन्नास रुपये मोकळे सोडावेत, कारण माल खराब होतो, सुट्ट्याचा घोळ होतो, एखादी उधारी बुडते. 15,000 ची विक्री बघून 500 ची पिग्मी लावणारा दुकानदार तिसऱ्या महिन्यात व्यापाऱ्याच्या पैशातून पिग्मी भरायला लागतो. ही बचत नव्हे, व्यापाऱ्याच्या उधारीवर चार टक्के व्याज मिळवण्याचा खटाटोप आहे.

आता व्याज. ते संस्थेगणिक वेगळं असतं, पण 4 टक्के धरून चालू. रोज 200 प्रमाणे वर्षात 300 दिवस भरले तर 60,000 मुद्दल आणि सुमारे 1,200 व्याज. तेच 5,000 रुपये दरमहा साडेसहा टक्क्यांच्या आवर्त ठेवीत टाकले तर साधारण 2,100 मिळतात. फरक 900 रुपयांचा, म्हणजे भरण्याच्या दिवसाला 3 रुपये. माणूस दुकानात येऊन पैसे नेतो त्याचं हे मोल आहे. ज्याच्या खात्यावर एक तारखेला 5,000 हमखास शिल्लक असतात त्यानं हे तीन रुपये घालवू नयेत, सरळ आवर्त ठेव काढावी. ज्याच्याकडं एक तारखेला कधीच काही उरत नाही, पण रोज संध्याकाळी 200 असतात, त्याला ही सेवा स्वस्तच पडते. शिवाय आवर्त ठेवीचा हप्ता चुकला की दंड लागू शकतो. पिग्मीत खाडा पडला तर सहसा काही कापत नाहीत.

मुदतीआधी मोडली तर मात्र खिशाला बसते. अनेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आत व्याज देत नाहीत, वर एजंटाच्या कमिशनपोटी काही टक्के कापतात. तीन टक्के धरले तर पाच महिन्यांत साठलेल्या 25,000 मधून 750 गेले. म्हणून अडीनडीचा पैसा पिग्मीत ठेवू नये. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौकापर्यंत चढलं तेव्हा दुकानं बंद, माल भिजलेला आणि एजंटही येत नव्हता. अशा वेळी लागणारी महिन्या-दीड महिन्याच्या खर्चाची रक्कम बचत खात्यात किंवा कधीही मोडता येणाऱ्या साध्या ठेवीत हवी. नदीकाठच्या पेठांत दुकान असेल तर ही रक्कम आधी उभी करावी आणि पिग्मी त्यानंतर काढावी.

पिग्मी शोभते ती वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या खर्चाला. शाळेची फी, विम्याचा हप्ता, दिवाळीचा बोनस, मार्चमधला आयकर. प्रत्येक कामाला वेगळी, लहान रकमेची पिग्मी काढली तर उत्तम. 200 ची एक काढण्यापेक्षा 80, 70 आणि 50 च्या तीन बऱ्या. कुठला पैसा कशाचा हे पासबुकच सांगतं आणि एका कामासाठी दुसरी मोडायला हात धजत नाही. फीसाठीची मेच्या शेवटी सुरू करा, म्हणजे पुढच्या वर्षी शाळा उघडताना हातात येईल. अनुमानित पद्धतीनं, म्हणजे विक्रीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून, कर भरणाऱ्यांना सगळा आगाऊ कर 15 मार्चपर्यंत भरता येतो, त्यांनी करासाठीची पिग्मी फेब्रुवारीत सुरू करावी. बोनसची पिग्मी पुष्कळ जण दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर काढतात आणि पुढच्या वर्षी अडकतात. आपलं पंचांगाचं वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं अधिक मास आला नाही तर दिवाळी आधी येते आणि पिग्मी मागून पिकते. दसऱ्याला सुरू केली तर ती दिवाळीच्या आठेक दिवस आधी हातात पडते. कामगाराला बोनस वेळेवर मिळणं ही मालकाच्या शब्दाची गोष्ट आहे, तेव्हा एवढा हिशेब करावाच.

जीएसटीसाठी पिग्मी अजिबात वापरू नये. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला तो कर साधारण पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि पिग्मीतला पैसा वर्षभर अडकलेला असतो. त्याला वेगळं खातं ठेवावं.

एजंटाविषयी. बहुतेक एजंट प्रामाणिक असतात, ऊन-पावसात रोज शंभर दारं करतात आणि कमिशनवर जगतात. तरी विश्वास माणसावर ठेवावा आणि पावती मशीनची घ्यावी. पैसे दिल्यावर लगेच पावती किंवा त्याच दिवशी मेसेज यायला हवा आणि त्यात आजची रक्कम व एकूण शिल्लक, दोन्ही असायला हवं. घोळ होतो तो "सात दिवसांचे एकदम घ्या, नोंद नंतर करा" असं म्हटल्यावर. महिन्यातून एकदा पासबुक स्वतः शाखेत नेऊन भरून घ्या, एजंटाकडं देऊ नका. हल्ली ग्राहक फोनवरूनच पैसे देतात, गल्ल्यात नोटा कमी असतात, म्हणून पिग्मीही क्यूआरवर भरली जाते. तो क्यूआर संस्थेच्या नावाचा आहे हे स्कॅन केल्यावर दिसणाऱ्या नावावरून तपासा. एजंटाच्या स्वतःच्या नंबरवर एक रुपयाही पाठवू नका.

या सेवेचा सगळ्यात धोकादायक भाग म्हणजे तिच्यावरचं कर्ज. साठलेल्या रकमेच्या तारणावर थोडं कर्ज घेणं ठीक. ठेवीपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज पडतं आणि पिग्मी टिकते. पण काही ठिकाणी पिग्मी नियमित दिसली की "रोज 200 भरा, आत्ता 50,000 न्या" असा प्रस्ताव येतो. सलग 300 दिवस 200 म्हणजे 60,000. दुकानदार हिशेब करतो, दहा हजार व्याज, म्हणजे वीस टक्के. तसं नसतं. मुद्दल पहिल्या दिवसापासून फिटत जातं, सरासरी निम्मेच पैसे तुमच्याकडं राहतात, म्हणून खरा दर वर्षाला 45 टक्क्यांच्या आसपास बसतो. त्याच मशीनवर, त्याच माणसाला, तेच 200 रुपये दिले जातात, म्हणून मनाला ही बचतच वाटते. पिग्मीचं आणि कर्जाचं पासबुक एकाच वेळी चालू असेल तर आधी कर्ज फेडून टाका.

पैसा कुठं ठेवता तेही बघा. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या सहकारी बँकेतल्या ठेवींना 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ते 1 लाख होतं. हे 5 लाख एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवी मिळून धरतात आणि एकट्या मालकीच्या दुकानाचं खातं तुमच्याच नावात मोजतात. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. तिथं पिग्मी काढायची तर लेखापरीक्षणात संस्थेला मिळालेला वर्ग विचारा, वार्षिक सभेचा अहवाल मागा आणि थकीत कर्जाचा आकडा वाचा. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर तिथं पिग्मी काढू नका. बहुराज्य संस्थेची नोंदणी केंद्रीय निबंधकाकडं असते, त्यामुळं तक्रारीची दाद कोल्हापूरच्या जिल्हा उपनिबंधकांकडं लागेल असं गृहीत धरू नका. दोन संस्था सारख्याच वाटल्या तर बँक निवडावी, व्याज पाव-अर्धा टक्का कमी असलं तरी.

वहीत नोंद कशी करायची, यात फार चुका होतात. एकट्या मालकीच्या धंद्यात मालकाचा पगार खर्चात टाकता येत नाही. स्वतःच्या नावच्या पिग्मीला दिलेले पैसे रोजमेळात उचल, म्हणजे मालकानं धंद्यातून स्वतःसाठी काढलेली रक्कम, म्हणून लिहा, "पिग्मी खर्च" म्हणून नको, नाहीतर नफा खोटा कमी दिसतो आणि वर्षअखेरीला सीएकडं सगळं उलगडत बसावं लागतं. घराचे 900 सुद्धा उचलच. व्याज करपात्र आहे, ते विवरणपत्रात दाखवा. पिकलेली रक्कम 20,000 किंवा त्याहून जास्त असेल तर ती रोखीनं मागू नका, खात्यावरच घ्या. कायद्यानं तशीच द्यावी लागते. ती बचत खात्यावर घ्यावी. दुकानाच्या चालू खात्यावर आली की आठ दिवसांत मालात जाते आणि फीच्या वेळी पुन्हा गल्ला उघडावा लागतो.

भिशीशी तुलना होते म्हणून थोडक्यात: ओळखीच्या दहा जणांची, बिनलिलावाची भिशी एकवेळ चालेल. लिलावाच्या भिशीत गरजू माणूस पैसे लवकर मिळावेत म्हणून आपल्या वाट्यातली जास्तीत जास्त रक्कम सोडतो आणि बुडाली तर हातात कागद नसतो.

पिग्मी काढताना संस्थेचं छापील नियमपत्रक मागा आणि चार गोष्टी त्यात शोधा: सहा महिन्यांआधी मोडल्यास किती कपात, एका वर्षानंतर रक्कम न काढल्यास व्याज चालू राहतं की थांबतं, रोजची रक्कम कमी-जास्त करता येते का, आणि वारस नोंद. तिसरी गोष्ट कोल्हापुरात फार कामाची आहे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी असते तेव्हा महाद्वारावरचा दुकानदार 500 भरू शकतो, आषाढातल्या पावसात 50 सुद्धा जड जातात. रक्कम बदलू देणारी संस्था अर्धा टक्का कमी देत असली तरी तीच घ्या. वारसाचं नाव एजंटाच्या तोंडी भरवशावर न सोडता पासबुकात छापून आलंय का ते बघा, आणि पासबुक कुठं ठेवलंय ते घरात सांगून ठेवा.