पावसाळ्यापासून युरी वाचतेय: काय टिकलं, काय गळालं

आधी निकाल, मग कारणं. युरीतली, म्हणजे बायकाबायकांच्या प्रेमाच्या जपानी गोष्टींतली, एकच मालिका घ्यायची असेल तर ‘ब्लूम इंटू यू’ घ्या. तिशी उलटली असेल आणि शाळेच्या गणवेशांचा कंटाळा आला असेल तर ‘ईव्हन दो वी आर अडल्ट्स’. ‘सिट्रस’ कुणी फुकट दिली तरी दोनदा विचार करा. बाकीचा तपशील खाली आहे आणि तो बराच लांबलाय, त्यामुळे घाई असेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

युरीत मांगा येतात, म्हणजे चित्रकथा, आणि पडद्यावरच्या चित्रमालिका, म्हणजे अ‍ॅनिमे. गेल्या पावसाळ्यात मी यात शिरले. तेव्हापासून लोकलमध्ये टॅबवर, घरी छापील खंड आणि रविवारी दुपारी अ‍ॅनिमे असा रतीब चालू आहे. या प्रकाराची एक गंमत सांगते. पहिल्यांदा वाचताना जवळजवळ सगळंच आवडतं. गच्ची, मावळतीचं ऊन, हाताला हात लागतो, पुढची चार पानं कुणी काही बोलत नाही. आपण विरघळतो. म्हणून मी ठरवलं की दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही, आणि दुसऱ्या वाचनात निम्म्याहून जास्त मालिका गळाल्या. ज्या गळाल्या त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती: ‘तू मला आवडतेस’ म्हणून झालं की लेखिकेपाशी सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

‘ब्लूम इंटू यू’ नेमकी उलट्या बाजूनं सुरू होते. निओ नाकातानी यांची ही मांगा २०१५ ते २०१९ अशी चालली आणि आठ खंडांत संपली. यू कोइतो ही हायस्कूलच्या पहिल्या वर्षाची मुलगी. प्रेमाची गाणी ऐकते, प्रेमाच्या मांगा वाचते, सगळं समजतं, पण आत काही हलत नाही. एका मुलानं विचारलंय, त्याला काय उत्तर द्यावं हे तिला कळत नाही. शाळेच्या विद्यार्थी परिषदेतली तोको नानामी म्हणते, मलाही आजवर कुणाबद्दल काही वाटलेलं नाही. यूला हायसं वाटतं, आपल्यासारखं कुणीतरी भेटलं. आणि थोड्याच वेळात तोको यूच्याच प्रेमात पडते. झालं, सोबतीण गेली. वर तोकोची अट अशी की तू मात्र माझ्या प्रेमात पडू नकोस, आहेस तशीच राहा.

पहिल्या वाचनात ही अट म्हणजे गोष्ट लांबवायची युक्ती वाटते. दुसऱ्यांदा वाचताना तिची धार कळते. तोकोची मोठी बहीण अपघातात गेलेली आहे आणि तोको तिच्यासारखी होण्याच्या नादात स्वतःला पुसत चाललीय. ती जी आहे ती तिला स्वतःलाच नकोशी आहे, मग तीच कुणाला आवडली तर तिनं त्या माणसाकडे कसं बघायचं? नदीतल्या पायदगडांवर उभ्या राहून दोघी बोलतात तो प्रसंग मुद्दाम सावकाश वाचा. यू तिथे तोकोला हवं तेच उत्तर देते. तिचा चेहरा वाचकाला दिसतो, तोकोला कळत नाही. नाकातानी बाईंची सगळी करामत या हिशेबात आहे: कुठल्या चौकटीत कुणाचा चेहरा कुणाला दिसू द्यायचा. लोकलमध्ये भराभर पानं सरकवत वाचलं की हे हमखास निसटतं.

यातली दुय्यम माणसंही चांगली आहेत. माकी नावाच्या मुलाला प्रेमकथा बघायला आवडतात, स्वतः त्यात पडायची इच्छा शून्य, आणि लेखिका त्याला ‘सुधारायला’ जात नाही. सायाका ही तोकोची जुनी मैत्रीण, तिच्यावर मुकाट प्रेम करणारी. तिच्यावर हितोमा इरुमा यांनी तीन खंडांची वेगळी कादंबरी लिहिलीय. आणि शाळेतल्या एक बाई व कॅफे चालवणारी मियाको एकत्र राहतात. कथेत त्यांना जागा थोडीच आहे, पण प्रेमाची कबुली देऊन झाल्यावरचं आयुष्य कसं असतं ते या घरात दिसतं, आणि सायाका ज्या तऱ्हेनं मियाकोशी बोलू लागते तो भाग मला मुख्य कथेइतकाच आवडतो.

अ‍ॅनिमे २०१८च्या शेवटी आलं, तेरा भाग, स्टुडिओ ट्रॉयका. मिचिरु ओशिमा यांचं संगीत फार हलक्या हातानं वापरलंय. रेल्वे फाटकापाशी, मागून गाडी धडधडत जाताना तोको यूला पहिल्यांदा चुंबते, तो प्रसंग पडद्यावर कागदापेक्षा जास्त चढतो. पण तोकोची गाठ सुटते ती शाळेच्या नाटकात, आणि ते नाटक रंगमंचावर येण्याआधीच अ‍ॅनिमे थांबतं. पुढचा सीझन आलेला नाही. त्यामुळे अ‍ॅनिमे बघून ‘आवडलं, पण अर्धवट वाटलं’ म्हणणाऱ्यांनी पाचव्या खंडाच्या आसपासून मांगा हातात घ्यावी.

आता जरा व्यवहाराचं. मराठीत यातलं काही नाही, इंग्रजी अनुवादावरच भागवावं लागतं. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची सवय दोन-तीन दिवसांत होते, त्याचा बाऊ करू नका. फोनवर मात्र वाचू नका. दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र फोनवर मधोमध चिरलं जातं, आणि युरीत नेमक्या मोक्याच्या जागी अशी चित्रं असतात. टॅब आडवा धरला की काम होतं. छापील खंड बाहेरून येतात, महाग पडतात, आणि मधलाच एखादा खंड ‘सध्या उपलब्ध नाही’ होऊन बसतो. माझ्याकडे एका मालिकेचा चौथा खंड कित्येक आठवडे आलाच नाही, पाचवा आणि सहावा कपाटात वाट बघत बसले. त्यामुळे सगळे खंड मिळतायत का ते बघूनच पहिला मागवा. कागद हलका असतो. आमच्याकडच्या दमट हवेत कडा जुलैतच पिवळ्या पडायला लागल्या. लांबलचक मालिका डिजिटल घ्या, पुन्हापुन्हा वाचाल अशी खात्री असेल तीच छापील.

लेडीज डब्यात वाचण्याबद्दल: शेजारची बाई डोकावतेच. बहुतेक वेळा तिला चित्रं लहान मुलांची वाटतात आणि ती पुन्हा आपल्या भाजीकडे वळते.

‘स्वीट ब्लू फ्लॉवर्स’बद्दल माझं मत वाचनागणिक चढत गेलंय. ताकाको शिमुरा यांची ही मांगा २००४ ते २०१३ची, मूळ आठ खंड, इंग्रजीत दोन-दोन एकत्र करून चार जाडजूड पुस्तकं. लहानपणच्या दोन मैत्रिणी, फुमी आणि अकिरा, शाळेच्या वाटेवरच्या गाडीत पुन्हा भेटतात. फुमी उंच, शांत आणि जराशानं रडणारी. सावध करते: सुरुवात अवघड जाते. चेहरे एकमेकींसारखे, पार्श्वभूमी कोरी, आणि पानाच्या मध्येच काळ उडी मारतो. माझ्या मावसबहिणीनं पहिलं पुस्तक परत आणून दिलं. म्हणाली, “ताई, यात कोण कुणाला आवडतं ते लिहून दे, मग वाचते.” मी खरंच लिहून दिलं. पण फुमी जे बोलते ते स्वतःच्या तोंडून, घाबरत पण स्पष्ट बोलते, आणि अकिराला तिच्या प्रेमाचं काय करायचं ते बरेच खंड उमगत नाही. तो गोंधळ शिमुरा बाई झटपट सोडवून टाकत नाहीत. २००९चं अ‍ॅनिमे अकरा भागांचं आहे आणि कथेच्या सुरुवातीच्या भागापाशीच संपतं, पण कथा जिथे घडते ते कामाकुरा गाव त्यात जलरंगात आहे, ते बघण्यासारखं आहे.

कामाकुराचा धागा मला नंतर लागला. नोबुको योशिया या लेखिकेचं घर याच गावात आहे, आज तिथे स्मारक-संग्रहालय आहे. १९१६ पासून त्यांनी मुलींच्या मासिकात ‘हाना मोनोगातारी’ या कथा लिहिल्या. शाळकरी मुलींमधल्या उत्कट, बहुधा अपुऱ्या राहणाऱ्या प्रेमाच्या त्या कथा, आणि आजच्या युरीतल्या कॉन्व्हेंट शाळा, चिठ्ठ्या, मोठ्या वर्गातल्या रुबाबदार मुली यांचं मूळ तिथे सापडतं. बाईंचं स्वतःचं आयुष्य मात्र शाळेच्या फाटकाशी संपलं नाही. चियो मोनमा यांच्यासोबत त्या जवळजवळ पन्नास वर्षं राहिल्या, आणि १९५७ साली त्यांनी चियोंना कायद्यानं दत्तक घेतलं, कारण लग्नाची सोय नव्हती. ती सोय जपानमध्ये देशपातळीवर अजूनही झालेली नाही. साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये हे घटनेशी विसंगत असल्याचं पहिल्यांदा म्हटलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, ते आठवत असेलच.

मांगात या प्रकारची पहिली गोष्ट म्हणून बहुतेक जण र्‍योको यामागिशी यांच्या १९७१च्या ‘शिरोई हेया नो फुतारी’कडे बोट दाखवतात. तिच्यात एकीचा जीव जातो. आपल्याकडे दहा वर्षांनी, १९८१ साली, तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक आलं, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली, आणि तिथेही मित्राचा जीव जातोच. आजच्या युरीत सहसा कुणी मरत नाही, एवढं पुष्कळ आहे.

‘सिट्रस’. दहा खंड, बारा भागांचं अ‍ॅनिमे, तुफान खप. सावत्र बहिणी, आणि पहिलं चुंबन जबरदस्तीचं. पुढेही दर थोड्या पानांनी कुणी ना कुणी कुणाला तरी भिंतीशी दाबतं, आणि हे प्रेमाचं लक्षण म्हणून खपवलं जातं. हीच गोष्ट हीरोनं केली असती तर आपण सिनेमा अर्ध्यावर सोडला असता. चित्रकला देखणी आहे, हे कबूल. मी शेवटपर्यंत वाचलं ते निव्वळ पैसे दिले होते म्हणून.

‘अदाची अँड शिमामुरा’ झोपायच्या आधी बरी. त्यात अंतराळवीराच्या पोशाखातली एक चिमुरडी कुठूनही उगवते आणि कुणालाच नवल वाटत नाही, तो भाग मला मुख्य प्रेमकथेपेक्षा आवडला. गुंडामच्या ‘द विच फ्रॉम मर्क्युरी’मध्ये (२०२२-२३) यंत्रमानवांच्या लढाया तुमच्या सहनशक्तीत बसत असतील तर सुलेत्ता आणि मिओरिने या दोन नायिकांसाठी जरूर बघा. शेवटी दोघींच्या बोटांत अंगठ्या आहेत. तरीही एका मासिकाच्या छापील अंकात त्यांच्या लग्नाचा उल्लेख आला, तो डिजिटल आवृत्तीतून काढला गेला, आणि अर्थ प्रेक्षकांवर सोपवल्याचं निवेदन आलं. अंगठ्यांचा आणखी कुठला अर्थ लावायचा, ते निर्मात्यांनाच ठाऊक.

काबी नागाता यांचं ‘माय लेस्बियन एक्स्पीरियन्स विथ लोनलीनेस’ ही प्रेमकथा नाही, आत्मकथन आहे. आधी इंटरनेटवर आलं, २०१६ मध्ये पुस्तक झालं, २०१८ मध्ये त्याला अमेरिकेतला कॉमिक्सचा हार्वे पुरस्कार मिळाला. नैराश्य, खाण्याचे विकार, आईच्या कुशीची भूक, आणि अठ्ठावीसाव्या वर्षी पैसे देऊन विकत घेतलेली जवळीक. काळा, पांढरा आणि गुलाबी, एवढ्याच रंगांत. चांगल्या मनःस्थितीत असाल तेव्हाच हातात घ्या. गोड युरीच्या मध्ये हे वाचलं की बाकीच्या मालिकांतल्या नायिकांना भाडं, पगार, डॉक्टर यांतलं काहीच नसतं हे फार टोचतं.

ती तक्रार ‘शी लव्ह्ज टू कुक, अँड शी लव्ह्ज टू ईट’ बरीच भागवते. नोमोतोला रांधायची हौस, पण स्वतःची भूक बेताची. त्याच मजल्यावरची कासुगा दणकून जेवणारी. नोमोतोनं डबा नेला की ऑफिसातले पुरुष म्हणतात, चांगली बायको होशील हां. हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला समजावून सांगावं लागणार नाही. कासुगाच्या माहेरी पुरुषांच्या पानात जास्त पडायचं, तेही नाही. साकाओमी युझाकी भाषण न करता हे दोन-चार चौकटींत मांडतात आणि परत भाताकडे वळतात. एनएचके या जपानी वाहिनीनं यावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या भागांची मालिका केली, २०२२ आणि २०२४ मध्ये, खऱ्या नटांची. मांगाइतकीच चांगली. रात्री उपाशीपोटी बघू नका.

आणि ‘ईव्हन दो वी आर अडल्ट्स’. पुन्हा शिमुरा बाईच, पण इथे नायिका तिशीतल्या आणि मासिकही प्रौढ बायकांचं, कोदान्शा प्रकाशनाचं ‘किस’. अयानो प्राथमिक शाळेत शिकवते. एका संध्याकाळी बारमध्ये तिची अकारीशी ओळख होते, रात्र संपायच्या आत चुंबन, आणि मग अकारीला कळतं की हिला नवरा आहे. नवरा वातारू दुष्ट नाही, हीच खरी पंचाईत. अयानो त्याला सगळं सांगून टाकते. आणि मग दोघं काय करतात? त्याच्या आईवडिलांकडे राहायला जातात. सासूचं घर, घराबाहेर न पडणारी नणंद, जेवणाच्या टेबलावर सगळं माहीत असून कुणी काही न बोलणं. हे वाचताना मला जपान आठवतही नव्हतं. प्रेम आहे की नाही याबद्दल पहिल्या प्रकरणानंतर शंकाच राहत नाही. पुढचे नऊ-दहा खंड प्रश्न एवढाच की घर, नोकरी, लोकांची तोंडं आणि एका भल्या माणसाचं नुकसान, हे सगळं कोण, कसं आणि किती सावकाश निस्तरणार.

तोटे: वेग गोगलगायीचा. अयानो इतकी शांत की कधीकधी तिला गदागदा हलवावंसं वाटतं. मधल्या खंडांत शाळेतल्या मुलींचं उपकथानक आहे, ते मला लांबलेलं वाटलं, मावसबहिणीला तेच सगळ्यात आवडलं. अकारीच्या वाट्याला पानं कमी येतात, हा मात्र खरा दोष. तिचा राग दिसतो, तिचे दिवस दिसत नाहीत.

दहाही खंड एकदम मागवू नका. पहिले तीन घ्या. तोवर अयानोचा राग आला तरी चालेल, चौथा मागवालच. राग आला नाही आणि नुसतं वातारूचंच वाईट वाटत राहिलं, तर तिथेच थांबा आणि ते पैसे नोमोतो-कासुगाकडे वळवा.