बोटावरचा ऑक्सिमीटर : पावसाळ्यापासून आजवर

कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करतो. कॅज्युअल्टीत मॉनिटर एकच, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर दीडेक हजारांचा ऑक्सिमीटर स्वतःच घेतला. तेव्हापासून तो ॲप्रनच्या खिशात आहे.

यात रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांच्या आकड्यासोबत नाडीची लाट दिसते. घेताना हे आधी बघा. लाट तुटक असेल तर आकडा वाचूच नये. मी दुसऱ्या हाताने मनगटाची नाडी बघतो. दोन्ही ठोके जुळले तरच ९७ ला ९७ मानतो. सेलचं झाकण मात्र लवकरच सैल झालं, आता चिकटपट्टीवर चाललंय. लग्नसराईत नेलपॉलिश आडवं येतं, तेव्हा चिमटा बोटाला आडवा लावून बघतो. आणि गॅस गिझरच्या बंद बाथरूममध्ये पडलेल्या माणसाचा ९९ आला तरी विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन याला ऑक्सिजनवालंच वाटतं.

विंचू चावलेल्या पेशंटला लावला की पडद्यावर अनेकदा आकड्याऐवजी नुसत्या रेघा. दरदरून घाम, हातपाय गार, रक्तवाहिन्या आखडलेल्या. यंत्राला नाडी सापडणार कुठून? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा, म्हणजे आखडलेल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा, उपचार १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. औषध लागू पडतंय याची एक खूण म्हणजे हातपाय ऊबदार होणं, आणि ती तळहातालाच कळते.

मण्यारीचा दंश याहून फसवा. सूज नाही, फारसं दुखत नाही, ऑक्सिजन ९८. पण पापण्या मिटायला लागलेल्या, म्हणजे विषाने स्नायू लुळे पडताहेत, पुढे श्वासाचेही पडतील. अशा वेळी म्हणतो, “काका, एका दमात मोठ्याने आकडे म्हणा.” मघाशी विसापर्यंत गेलेले काका आता बारावर अडले, की अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि श्वासनलिकेत घालायची नळी जवळ घ्यायची. ऑक्सिजन लावलेला असताना तर आकडा फार उशिरा पडतो.

श्वासाची गती हे यंत्र मोजत नाही, आणि आपणही मोजत नाही! केसपेपरवर सगळ्यांचीच १८ किंवा २०. मनगट धरून ठेवायचं, पेशंटला वाटतं नाडी चाललीय, आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण मिनिट मोजायचं. सांगून मोजलं की माणूस श्वास बदलतो.

पाचपैकी चार गुण. एक झाकणाचा कापला. लहान बाळांच्या बोटावर हा चिमटा बसत नाही, त्यांच्यासाठी छोट्या मापाचा वेगळा घ्यावा लागतो.