आमच्या तांबूच्या खपल्या आणि कर्वे रस्त्यामागचा दवाखाना

आमचा तांबू ९ वर्षांचा बोका. दिवाळीनंतर त्याच्या कानांत आतल्या बाजूने पिवळट खपल्या धरल्या, मग नाकावर, मग डोळ्यांवरचे केस जायला लागले. घराजवळच्या एका दवाखान्यात लांबूनच बघून ‘बुरशी आहे’ म्हणाले आणि मलम, शाम्पू दिला. दोन महिने त्याला न्हाऊ घालत होतो. तो ओरडायचा, मला रडू यायचं, खपल्या वाढतच होत्या.

मग आतेबहिणीने हा दवाखाना सांगितला. इथल्या डॉक्टर मॅडमनी आधी त्याचे पंजे हातात घेतले. बोट दाबून एकेक नख पुढे आणलं, तर मुळाशी पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट पू! तो लंगडतो ते वयामुळे, असं मी धरून चालले होते. मग खपली अलगद उचलून खालचा ओलावा काचपट्टीवर घेतला आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवला. गोल गोल, एकमेकींपासून सुटलेल्या पेशी. शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीच्या पेशींमधले सांधे तोडते, म्हणून त्या अशा सुटतात. आजाराचं नाव पेम्फिगस फोलिएशस. बायॉप्सीच्या (तपासणीसाठी कातडीचा छोटा तुकडा काढण्याच्या) आधी जागा पुसायचीसुद्धा नाही, पुरावा खपलीतच असतो, हे त्यांनी बजावून सांगितलं. आणि आम्ही दोन महिने तोच धुऊन काढत होतो.

बुरशी नाही याची खात्री झाल्यावरच प्रेडनिसोलोन हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं स्टेरॉइड सुरू केलं. औषधाच्या दुकानात प्रेडनिसोन देऊ केलं तर घेऊ नका, मांजराच्या शरीरात त्याचं प्रेडनिसोलोनमध्ये नीट रूपांतर होत नाही, हेही चिठ्ठीवर लिहून दिलं. तीन आठवड्यांत खपल्या गळल्या. आता हळूहळू डोस उतरवत एक दिवसाआड गोळी चालू आहे. स्टेरॉइडने मांजरांना मधुमेह होऊ शकतो, म्हणून मधूनमधून रक्तातली साखर बघतात. आजार पुन्हा उलटू शकतो, तेव्हा मनाने गोळी बंद करू नका, हे दर खेपेला सांगतात.

वेळ घेऊन गेलं तरी पाऊण तास बसावं लागतं, आणि कुत्री-मांजरं एकाच खोलीत. तांबू थरथरतो. पिंजऱ्यावर टाकायला घरचा टॉवेल न्याच. खर्च मात्र बायॉप्सीआधी कागदावर लिहून देतात, नंतर एक रुपया वाढला नाही.

काल त्याच्या उजव्या कानाच्या कडेला बोट फिरवलं. बारीक, मऊ लव आली आहे, आणि त्याने कान मागे घेतला नाही.