कर्ज निस्तरायला फुकटची मदत की फीवाली? आमच्या घरात दोन्ही चालू होतं, वर्षभरानंतरचा अनुभव

भावाने धरलेल्या कर्ज-सेटलमेंट कंपनीचं नाव विचारू नका, देणार नाही. भावाचं त्यांच्याशी पैशावरून अजून चालू आहे आणि नाव कुठलंही असलं तरी पद्धत जवळपास सगळ्यांची तीच आहे, त्यामुळे पद्धतीबद्दलच लिहिते.

मी नाशिकची. माझ्याकडे एक क्रेडिट कार्ड १,६०,००० थकलेलं, एका अ‍ॅपवरून घेतलेलं ४५,००० चं लोन, आणि नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी काढलेलं पर्सनल लोन ज्याचे हप्ते कसेबसे चालू होते. धाकट्या भावाचं मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान बसलं, त्याच्या डोक्यावर तीन कार्डं आणि एक पर्सनल लोन, मिळून ६,४०,००० च्या आसपास. दोघांनी साधारण एकाच सुमारास मदत शोधली. त्याने फी घेणारी सेटलमेंट कंपनी धरली, म्हणजे बँकेशी बोलून कर्ज कमी रकमेत मिटवून देणारी, आणि मी लीड बँकेचं (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी बँक) फुकट सल्ला केंद्र. तो मला म्हणायचा ताई, फुकट सल्ला म्हणजे सरकारी दवाखान्यातली गोळी, सगळ्यांना एकच. मी म्हणायचे, तू बुडताना पोहायची फी भरतोयस. वर्षभरानंतर दोघांचंही थोडं थोडं खरं निघालं.

आधी फीवाल्यांचं सांगते कारण त्यात समजून घेण्यासारखं जास्त आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं "कर्ज निम्म्यात मिटवा". ते कसं होतं हे सेल्सवाला फोनवर गोड बोलून सांगतो पण करारात स्पष्ट असतं: तुम्ही हप्ते भरणं थांबवायचं. दर महिन्याला जमेल ती रक्कम त्यांनी सांगितलेल्या खात्यात साठवायची. खातं ९० दिवसांच्या वर थकलं की बँकेच्या हिशोबात ते एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्ज होतं, आणि मग बँक कमी पैशात मिटवायला तयार होते, तेव्हा कंपनी तुमच्या वतीने बोलणी करते. म्हणजे बँकेला नरम करायचं हत्यार म्हणजे तुमचं थकणं, त्यांचं काही खास वजन वगैरे नसतं. भावाच्या करारात महिन्याची फी ३,५०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ४,१३०, आणि प्रत्येक सेटलमेंटच्या रकमेवर १५ टक्के, त्यावर परत जीएसटी. साठवलेल्या पैशातून महिन्याची फी आधी कापली जायची, उरलेलं साठायचं.

आता एका कार्डाचा हिशोब बघा, मी त्याच्याबरोबर बसून कागदावर केलाय. कंपनीकडे गेला तेव्हा त्या कार्डावर बाकी १,४०,०००. भरणं थांबल्यावर व्याज महिन्याला पावणेचार टक्के, त्या व्याजावर जीएसटी, वर दर महिन्याला लेट फी. सेटलमेंटच्या वेळेपर्यंत बाकी २,१५,००० वर गेली. मिटलं ९५,००० ला. कंपनीचा मेसेज आला, अभिनंदन, तुमचे ५५ टक्क्यांहून जास्त वाचले! अरे पण कशाचे ५५ टक्के? फुगलेल्या आकड्याचे ना. मूळ १,४०,००० धरले तर वाचले ४५,०००. त्यातून सेटलमेंटची फी जीएसटी धरून १६,८१५ गेली, राहिले २८,१८५. आणि महिन्याची ४,१३० ची फी सात महिन्यांत हेही खाऊन टाकते. बरं ती फी चारही खात्यांसाठी मिळून आहे हे मान्य, सगळी एकाच कार्डावर टाकणं बरोबर नाही, पण त्या सगळ्या काळात मिटलेलं खातं हे एकच होतं, बाकीची तीन नुसती फुगत होती. सूट किती मिळाली हे विचारताना कुठल्या आकड्यावर ते आधी विचारा, बस.

शिवाय पर्सनल लोनचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जायचा. भरायचं थांबवल्यावर ते बाउन्स व्हायला लागलं आणि वकिलाची नोटीस आली, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली. चेक बाउन्सचं कलम १३८ सगळ्यांना माहीत असतं, पण ऑटो डेबिट बाउन्स झालं तरी तसाच फौजदारी खटला होऊ शकतो आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे हे भावाला माहीत नव्हतं, सेल्सवाल्याने तर सांगितलंच नव्हतं. कंपनीच्या वकिलाने नोटिशीला उत्तर पाठवलं, ते फीमध्ये होतं. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर वेगळे पैसे, हे तेव्हा कळलं.

आता त्यांच्या बाजूनेही सांगते नाहीतर एकतर्फी होईल. भावाला वसुलीवाल्यांचे फोन दिवसभर यायचे, वहिनीला यायचे, शेजारच्या दुकानात यायचे. कंपनीने त्याला सांगितलं फोन आमच्याकडे वळवा, त्रासाचं रेकॉर्डिंग आम्हाला पाठवा, आम्ही बँकेला लेखी कळवतो. आणि खरंच केलं त्यांनी. पहिल्या महिन्यानंतर फोन निम्म्याहून कमी झाले. भाऊ अजून म्हणतो की मी झोपायचे पैसे दिले आणि ते वसूल झाले. माझं मत असं झालंय की या कंपन्यांची विकण्यासारखी वस्तू खरं तर हीच आहे, बोलणी वगैरे दुय्यम.

आता माझं. प्रत्येक जिल्ह्यात एक लीड बँक असते, आमच्या जिल्ह्यात बँक ऑफ महाराष्ट्र, आणि लीड बँकांनी आर्थिक साक्षरता केंद्रं चालवायची अशी आरबीआयची व्यवस्था २०१२ पासून आहे. त्याच्या आधी २००९ ची योजना होती त्यात तर नावातच क्रेडिट काउन्सेलिंग होतं. असं काही आहे हे बँकेत काम करणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून कळलं, एरवी जाहिरात कुठे दिसणार. समोर बसतात ते काका बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे येणारे लोक म्हणजे बचत गटाच्या बायका, पेन्शनवाले, शेतकरी. अ‍ॅपवरचं लोन ही भानगड त्यांना मलाच समजावून सांगावी लागली. पण हिशोब पक्का! सगळी स्टेटमेंट्स मांडून घेतली आणि पहिला प्रश्न, कुठल्या कर्जाचा दर किती? मला एकाचाही नीट सांगता येईना, ते त्यांनीच स्टेटमेंटच्या बारीक अक्षरातून काढले.

कार्डाचा दर महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२. मी दर महिन्याला किमान रक्कम भरत होते, आठ हजाराच्या आसपास, आणि मनाशी म्हणत होते की चला भरतोय तर खरं. काकांनी मांडून दाखवलं: १,६०,००० वर महिन्याचं व्याज ५,७६०, त्यावर जीएसटी १,०३७, म्हणजे आठ हजारातले मुद्दलात जातात जेमतेम बाराशे. मग म्हणाले, ताई, बँकेला फोन करा आणि म्हणा पूर्ण बाकी हप्त्यांत करून द्या, १८ टक्क्यांच्या आसपास मिळायला हरकत नाही. मिळालं. २४ महिने, हप्ता ७,९९० च्या जवळ आणि हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी, तो पहिल्या महिन्यात ४३२ होता, पुढे कमी कमी. म्हणजे जवळपास तेवढेच पैसे जातायत पण आता दोन वर्षांत संपणार. यात कुणी वाटाघाट केली नाही, सूट नाही, कस्टमर केअरला एक फोन आणि कार्ड ब्लॉक करायची अट. याला कुणी १५ टक्के मागितले असते तर?

अ‍ॅपचं लोन तिशीच्या वर दराचं होतं, ते पाटल्या तारण ठेवून गोल्ड लोन काढून एकदम बंद केलं. सासूबाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं पण व्याज एक तृतीयांशाच्या आसपास आलं. पर्सनल लोनला हात लावला नाही, त्याचा दर त्यातल्या त्यात बरा होता.

फुकटच्या मदतीची दुखणी पण आहेत. काका तुमच्या वतीने बँकेला फोन करत नाहीत, पत्र लिहीत नाहीत, पुढच्या महिन्यात काय झालं हे विचारत नाहीत. तुम्ही गेलात तर आहेत, नाही गेलात तर रजिस्टरमध्ये एक नोंद. केंद्र ऑफिसच्या वेळेत चालू, म्हणजे रजा टाका. वसुलीच्या फोनांपासून कुणी आडोसा देत नाही, ते सगळं स्वतः. मला एक एजंट रात्री नऊला फोन करायचा, एकदा ऑफिसच्या लँडलाइनवर केला. आरबीआयने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत. मी कॉल लॉगचे स्क्रीनशॉट लावून बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल टाकला, खाली एक ओळ लिहिली की ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी तो बघतो) जाणार. फोन बंद नाही झाले, पण सातच्या आत यायला लागले, हाहा. लोकपालाकडे जावं लागलं नाही. गेलं तरी फी नसते, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ नंबर आहे, तिथे मी एकदा विचारून घेतलं. मात्र एक गैरसमज काढून टाका, लोकपाल बँकेला "यांना सूट द्या" असं सांगत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो. वागणूक, चुकीचे चार्जेस, उत्तर न देणं याच्यासाठी तो.

अ‍ॅपचं लोन बंद केल्यावरही क्रेडिट रिपोर्टमध्ये चालू दिसत होतं. असे रिपोर्ट बनवणारे चारही ब्युरो, म्हणजे सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. तक्रार टाकली, दुरुस्त झालं. ३० दिवसांत दुरुस्त नाही झालं तर दिवसाला १०० रुपये भरपाई हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, माझं वेळेत झालं त्यामुळे शंभरची नोट काही बघायला मिळाली नाही. याच कामाचे भावाच्या कंपनीने वेगळ्या पॅकेजमध्ये पैसे सांगितले होते, "स्कोअर सुधारणा" नावाने.

आणि खरी गंमत लोकअदालतीत झाली. भावाच्या दुसऱ्या कार्डाच्या बँकेने राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस पाठवली, केस दाखल होण्याआधीचं प्रकरण म्हणून. कंपनी म्हणाली जाऊ नका, आम्ही बघतो. मी म्हटलं चल, मी येते बरोबर. जिल्हा न्यायालयात टेबलं मांडलेली, बँकेचा अधिकारी स्वतः बसलेला, त्याच्या वरिष्ठांनी किती खाली जायचं ते ठरवून दिलेलं असावं असं वाटलं. अर्ध्या तासात रक्कम ठरली, तीन हप्त्यांत भरायची, कंपनीने याच कार्डासाठी आणलेल्या ऑफरपेक्षा किंचित कमीच. कोर्ट फी शून्य. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे हप्ते भरता येतील याची खात्री असेल तरच सही करा. आणि मग कंपनीने करारातलं कलम दाखवलं: नोंदवलेल्या खात्याची सेटलमेंट कुणीही, कुठेही केली तरी १५ टक्के देय. तिथून भांडण सुरू.

तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची खिडकी होती. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळतो, पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा किंवा इतर काही अटी. भाऊ म्हणाला कर्ज तुझ्याच नावावर घ्यायला पाहिजे होतं.

सेटलमेंट कुठूनही करा, क्रेडिट रिपोर्टवर "सेटल्ड" (कमी पैशात मिटवलं) लागतं, "क्लोज्ड" (पूर्ण फेडलं) नाही. फीवाल्यांकडून केली म्हणून त्यात फरक पडत नाही. आरबीआयच्या जून २०२३ च्या चौकटीत अशा तडजोडीनंतर नवीन कर्जाआधी किमान १२ महिन्यांचा थांबा ठेवायला सांगितलंय, प्रत्यक्षात बँका त्याहून जास्त काळ नाक मुरडतात. भावाला पुन्हा दुकान काढायचंय, त्याला हे फार लागलं.

मग कुणी काय घ्यावं? पगार चालू आहे, हप्ते ओढाताणीने का होईना भरले जातायत, अशा माणसाने फीवाल्या सेटलमेंटकडे फिरकूच नये, ते तुम्हाला न थकलेलं कर्ज थकवायला लावतील आणि त्याची फी घेतील. उत्पन्नच गेलंय, खाती आधीच एनपीए आहेत, तर सेटलमेंट व्हायची शक्यता बरीच आहे, ती स्वतः बँकेत जाऊन किंवा लोकअदालतीत फुकट होते. फोनच्या त्रासाने माणूस खचलाय, घरात कागदपत्र बघणारं कुणी नाही, तर फी देण्यात काही कमीपणा नाही, पण मग महिन्याची फी नसलेला, काम झाल्यावरच पैसे घेणारा करार मागा, आणि "कुणीही सेटलमेंट केली तरी" हे कलम खोडून घ्या. सेटलमेंटचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, पैसे थेट कर्जखात्यात, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही.

या कंपन्या आरबीआयच्या देखरेखीखाली नाहीत, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध लोकपालाकडे जाता येत नाही, ग्राहक आयोग हाच रस्ता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. भावाचा अर्ज तयार आहे, करार, फीच्या पावत्या आणि लोकअदालतीच्या निवाड्याची प्रत जोडलीय. तिसरं कार्ड आणि पर्सनल लोन तो आता स्वतः बोलून मिटवतोय, फोन यायला लागलेत पुन्हा, सध्या ते मी उचलते.